मेट्रो आली. आता कोणती बस सुटली आणि कोणती सुटत नाही?

चर्चगेट_फास्ट
ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावतेय. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं. २अ आणि ७ आधीपासून आहेतच, घाटकोपर-वर्सोवा तर २०१४ची.

माझं मत थेट सांगतो. मुंबईच्या बेस्ट बससेवेने आता लांब पल्ल्याचे मार्ग सोडावेत. सायन ते फोर्ट, दादर ते कुलाबा असल्या बस हव्यात कशाला? दोन्हीकडे लोकल आहे, आता भुयारातून मेट्रोही आहे. सगळ्या गाड्या स्टेशन ते घर आणि स्टेशन ते ऑफिस अशा छोट्या फेऱ्यांना लावा. तोटाही कमी, स्टॉपवर ताटकळणंही कमी.

भाडेवाढीचं रडगाणं नको. ९ मे २०२५ला किमान तिकीट ५चं १० झालं, एसीचं ६चं १२. तरीही रिक्षाचं मीटर २६ला पडतं आणि टॅक्सीचं ३१ला.

प्रश्न असा की मेट्रो आल्यावर तुमची कोणती बस सुटली आणि कोणती काही केल्या सुटत नाही? कारण सांगा, उमाळे नकोत. डबलडेकरच्या आठवणी काढायच्या असतील त्यांनी वेगळा धागा काढावा ही नम्र विनंती.

लाल_डबा
डबलडेकर.

चर्चगेट_फास्ट
पहिल्याच प्रतिसादात? धन्य.

गिरगावकाकू
मी सांगते. माझी सिद्धिविनायकाची बस सुटली. दर मंगळवारी जाते. आता घराजवळ जमिनीखाली उतरायचं ते थेट सिद्धिविनायक स्टेशनातच वर यायचं. एसी, बसायला जागा, केस विस्कटत नाहीत. मेट्रोच्या कामात गिरगाव-काळबादेवीतल्या लोकांनी काय काय सोसलं ते मी बघितलंय, म्हणून कौतुक जरा मोजूनमापूनच करते, पण सोय झाली हे खरं.

न सुटलेली बस म्हणजे ग्रँट रोडच्या भाजीगल्लीला जायची. मेट्रो तिथेही आहे. पण एक सरकता जिना, मग बॅगेची तपासणी, मग फाटक, मग दुसरा जिना, आणि उतरल्यावर हेच सगळं उलटं. एका स्टेशनासाठी पाताळात कोण जाईल? येताना हातात मेथी, कोथिंबीर आणि दुधी असतो. बस रस्त्यावर असते, दिसते, हात केला की (कधी कधी) थांबते.

लाल_डबा
काकू, तो "कधी कधी" फार महत्त्वाचा.

मढकर
आमच्याकडे प्रश्नच नाही. मालाड स्टेशन ते मढ, २७१. दुसरा रस्ता म्हणजे जेट्टीवरून वर्सोव्याची बोट. मार्व्याला २७२. मेट्रोचा नकाशा उघडला तर आमच्या बाजूला नुसता निळा रंग दिसतो, तो समुद्राचा.

संध्याकाळी मालाड स्टेशनबाहेर २७१ची रांग बघायला या कोणीतरी. कॉलेजची पोरं, शूटिंगच्या बंगल्यांवर कामाला येणाऱ्या बाया, कोळीवाड्यातले म्हातारे. रिक्षावाला मढ म्हटलं की आधी आपल्याकडे बघतो, मग आकाशाकडे, मग आकडा सांगतो.

चर्चगेट_फास्ट
मढकर, तुमची बस माझ्या हिशोबात छोटी फेरीच आहे. स्टेशन ते घर. तिला अजून गाड्या द्या असंच म्हणतोय मी.

मढकर
मग ठीक. बोलत राहा.

रूट_वेडा
मी वाहतूक नियोजनात काम करतो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. चहा घेऊन बसा.

"लांबचे मार्ग तोडा आणि स्टेशनला जोडा" हे कागदावर छान दिसतं. त्यात गृहीत धरलेलं असतं की सायन ते फोर्ट बसमध्ये बसलेला माणूस सायनहून फोर्टला चाललाय. तसं नसतं. ६६ सारख्या मार्गावर टोकापासून टोकापर्यंत जाणारे थोडे. कोणी सायनला चढून दादरला उतरतो, कोणी दादरला चढून भायखळ्याला, कोणी भायखळ्याहून क्रॉफर्ड मार्केटला. एकच सीट वाटेत चारदा विकली जाते. हा मार्ग तीन तुकड्यांत तोडला तर प्रत्येक सांध्यावर कोणाला तरी उतरून पुन्हा वाट बघावी लागते.

लांब मार्गाचा खरा दोष वेगळा आहे. रस्ता जितका लांब तितकं वेळापत्रक बिघडण्याची शक्यता जास्त. एक बस सिग्नलला अडकली की पुढच्या स्टॉपवर जास्त माणसं जमतात, ती चढायला वेळ लागतो, बस अजून मागे पडते. तिच्या मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत, ती भरभर येऊन पुढचीला गाठते. म्हणून अर्धा तास काही नाही आणि मग एकाच नंबरच्या तिघी एकदम, माहेरवाशिणी पंचमीला आल्यासारख्या. दोष ड्रायव्हरचा नसतो. स्टँडवरच्या स्टार्टरने वेळेवर सोडलेल्या असतात, वाट लागते ती वाटेत.

यावर उपाय म्हणजे बसला स्वतःची लेन. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) तसा एक प्रयोग होऊन गेला, टिकला नाही. मार्ग तोडणं सोपं असतं, गाडीवाल्यांना बाजूला सरकवणं अवघड, म्हणून मार्ग तुटतात.

स्पीडब्रेकर
एवढा विचार करण्यापेक्षा टू-व्हीलर घ्या. पाच मिनिटांत विषय संपतो.

रूट_वेडा
आणि पार्किंग कुठे करता?

स्पीडब्रेकर
बस स्टॉपवर 😄

लाल_डबा
तिघी एकदम का येतात याचं शास्त्रीय उत्तर मिळालं. इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांना एकट्याने यायची भीती वाटते.

शिफ्टवाली
परळला हॉस्पिटलमध्ये आहे, नर्स. मेट्रो ३ आमच्या बाजूने गेली नाही. वरळीत आहे, दादरला आहे, पण के.ई.एम., टाटा, वाडिया हा सगळा पट्टा मधल्यामध्ये राहिला. शिवाय मेट्रो रात्री साडेदहापर्यंतच. रात्रपाळीला जाताना एक वेळ मिळेल, पण सेकंड शिफ्ट सुटायला उशीर झाला की मिळणार नाही.

पण मी माझ्यासाठी बोलत नाहीये. दादरला पहाटेच्या गाड्यांनी उतरणारे पेशंट बघा. विदर्भातून, मराठवाड्यातून, कोकणातून आलेले. एका हातात घडी घातलेली चटई, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात एक्स-रेचं मोठं पाकीट दुमडू नये म्हणून छातीशी धरलेलं. ते मेट्रोच्या यंत्रावर बोट फिरवत बसत नाहीत. समोर दिसेल त्या बसच्या कंडक्टरला विचारतात, "टाटा जाती का?" आणि कंडक्टर सांगतो, बसा, उतरवतो. स्टॉप आला की हाक मारून उतरवतोही. या कामाचा पगार त्याला मिळत नाही, पण ते काम तो करतो. मार्ग तोडताना हे कुठल्या रकान्यात धरणार?

चर्चगेट_फास्ट
शिफ्टवाली ताई, मुद्दा पटला. पण दादर-परळ हाही छोटाच मार्ग आहे ना?

शिफ्टवाली
पेशंटला दादर-परळ हा मार्ग आहे हे कोण सांगणार? त्याला "परळ" लिहिलेली कुठलीही बस चालते. लांबच्या दहा बस तिथून जातात म्हणून त्याला थांबावं लागत नाही.

कुर्लेकर
आता बीकेसी. मेट्रोचं बीकेसी स्टेशन आहे, छान आहे. पण मेट्रो ३ कुर्ल्याला शिवत नाही आणि वांद्र्यालाही नाही. सेंट्रलवाल्याने बीकेसीला यायचं तर कुर्ल्याला उतरून ३१० नाहीतर शेअर रिक्षा. सकाळी कुर्ला पश्चिमेला बाहेर पडलं की "बीकेसी, बीकेसी, एक सीट, एक सीट" असा गजर. तीन माणसं मागे, चौथा ड्रायव्हरच्या मांडीवर बसल्यासारखा पुढे. ती एक सीट कधीच शेवटची नसते.

आमच्या ऑफिसात दोन पक्ष आहेत, ३१०वाले आणि शेअरवाले. शेअरवाले आधी पोचतात, ३१०वाले जिवंत पोचतात.

गिरगावकाकू
कुर्लेकर, जिवंत वगैरे म्हणू नका हो. डिसेंबरातली ती बातमी आठवते.

कुर्लेकर
हो काकू. ९ डिसेंबर २०२४. आमच्याच रस्त्यावर, एस. जी. बर्वे मार्ग, ३३२ची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. त्या रस्त्याने जाताना अजून सगळे जरा कडेने चालतात. चेष्टेत बोलून गेलो.

रूट_वेडा
विषय निघालाच आहे तर, कारण पुष्कळांना हे ठाऊक नसतं. रस्त्यावरच्या बहुतेक बस आता बेस्टच्या मालकीच्या नाहीत, भाडेतत्त्वावरच्या आहेत. गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, देखभाल कंत्राटदाराची. कंडक्टर आणि तिकिटाचे पैसे बेस्टचे. कंत्राटदाराला किलोमीटरमागे दर मिळतो, गाडीत माणसं किती हा त्याचा प्रश्नच नाही. २०१९मध्ये कामगार संघटनेबरोबर करार झाला होता की स्वतःच्या ३,३३७ बस राखायच्या. पंधरा वर्षं झालेल्या गाड्या भंगारात जात राहिल्या, त्या प्रमाणात नव्या स्वतःच्या आल्याच नाहीत. काही कंत्राटदार तर मधेच काम सोडून गेले. एकेकाळी चार हजारांवर ताफा होता, तो कितीतरी खाली आला.

चर्चगेट_फास्ट, "गाड्या इकडून काढून तिकडे लावा" म्हणण्याआधी हे बघा. गाड्याच कमी आहेत.

चर्चगेट_फास्ट
कमी आहेत म्हणूनच तर म्हणतोय की जपून वापरा! पसरून काय उपयोग? आणि पैसे कोण देणार हेही बोला. बेस्ट वीजही पुरवते, पूर्वी त्या विजेच्या बिलातून बसचा तोटा भरायचे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या ग्राहकांनी तो भरला. ते बंद झालं. आता महापालिका देते ते अनुदान पुरत नाही. शेवटी तिकीट वाढवलंच ना.

डबल_बेल
नमस्कार. मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, आता निवृत्त. मुलगा हा धागा वाचून दाखवत होता, म्हटलं मीच लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

किलोमीटरचा हिशोब बरोबर सांगितला यांनी. पण त्यातली एक गोष्ट बाहेरच्याला दिसत नाही. आमच्या वेळी ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी असायची. दोघं एकाच आगाराचे, महिनोन्महिने एकच मार्ग. मी एक बेल दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं, पण जोडी जुनी झाली की बेलच्या आवाजावरून त्याला कळायचं की मागे म्हातारी चढतेय की पोरगा लटकतोय. दोरी हळू ओढली की समजायचं, जरा थांब. आता ड्रायव्हर कंत्राटदाराचा, कंडक्टर बेस्टचा, साहेब वेगळे, पगार वेगळा, रजा वेगळी. आज हा तर उद्या तो. दोघंही चांगले असतील हो, पण जोडी होत नाही.

तिकिटांची पत्र्याची पेटी असायची, त्यात रंगीत गड्ड्या, दर रंगाची किंमत वेगळी. पंच अंगठ्याने दाबून दाबून घट्टा पडायचा, माझा अजून आहे. रात्री आगारात वेबिल भरून पैसे मोजायचे, दोन रुपये कमी पडले तर खिशातून. जास्त भरले तर तेही जमा करायचे, पण ते क्वचितच व्हायचं! मशीन आल्यावर हिशोब सोपा झाला, हे मी मोकळेपणाने म्हणतो. जुनं ते सगळं सोनं नव्हे.

चर्चगेटवाल्या साहेबांना एकच विचारतो. लॉकडाऊनमध्ये लोकल सामान्यांना बंद झाली तेव्हा नर्स, सफाई कामगार, पोलीस यांना कोणी नेलं? बेस्टने. ऑक्टोबर २०२०मध्ये एसटीच्या गाड्याही मदतीला आल्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला जादा गाड्या सुटतात. रुळाला जादा फाटा रातोरात लावता येत नाही, बसला येतो.

शिफ्टवाली
डबल_बेल काका, त्या नर्सपैकी मी एक. रोज वेगळी बस, पण कंडक्टर ओळख ठेवायचे. नमस्कार.

पार्लेकर_पंत
काका, फार सुंदर लिहिलंत. आता डबलडेकरमध्ये वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर कसे जमवायचे तेही सांगा.

लाल_डबा
मी नाही हं सुरू केलं या वेळी.

डबल_बेल
वरचा ओरडायचा, खालचा बेल द्यायचा, ड्रायव्हर दोघांना शिव्या द्यायचा. (मनात.) वरच्या डेकला मे महिन्यात उभं राहवत नसे आणि पावसात खिडक्यांतून पाणी. पण पुढची पहिली सीट मिळाली की कॉलेजची पोरं तिकीट काढायचंच विसरायची. दोन कंडक्टर लागतात, खर्च जास्त, म्हणूनच त्या कमी केल्या.

पार्लेकर_पंत
१५ सप्टेंबर २०२३ला शेवटची डिझेल डबलडेकर आगरकर चौक ते सीप्झ धावली, ४१५. हार घातलेला, लोक फोटो काढत होते, रडत होते. त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी रिक्षाने ऑफिसला गेले असतील, तो भाग सोडा. १९३७ला आलेली गाडी २०२३ला गेली, शहराचं आयुष्य त्यात गेलं.

आता त्या नव्या इलेक्ट्रिक एसी आल्यात. नातवाला घेऊन ११५ने सीएसएमटी ते एनसीपीए जाऊन आलो. थंडगार, गुळगुळीत, दोन जिने, बाहेर मरीन ड्राइव्ह. सगळं आहे. फक्त खिडकी उघडत नाही आणि वारा नाही. नातवाला काही फरक पडला नाही. तो म्हणाला, "आजोबा, परत जाऊया?"

स्पीडब्रेकर
आणि तुम्ही गेलात?

पार्लेकर_पंत
अर्थात. रांगेत पुन्हा उभं राहून.

पुणेरी_पाहुणा
मुंबईकरांचं हे भांडण वाचून डोळे पाणावले. बस लांब पल्ल्याची असावी की छोट्या, यावर वाद घालायला आधी बस असावी लागते. आमच्याकडे बस आली तर आम्ही आधी ती खरी आहे का बघतो, मग चढतो.

कुर्लेकर
पुणेरी, इथे शेअर रिक्षा खरी असते आणि बस ॲपवर.

गोवंडी_शिवाजीनगर
मी उशिरा आले धाग्यावर. वरती कोणी तरी म्हटलं, भाडेवाढीचं रडगाणं नको. माझी आई चेंबूरमध्ये चार घरची धुणीभांडी करते. आमच्या वस्तीतून बसने जाते, येते. आधी पाच रुपये, आता दहा. दूर जाणाऱ्यालाही दर वाढला, पण दोन-तीन स्टॉप जाणाऱ्याला सरळ दुप्पट. आता आमच्या गल्लीतल्या बाया जाताना बस घेतात आणि येताना चालतात. दिवसभर उभं राहून काम केल्यावर. २०१९च्या जुलैमध्ये किमान तिकीट ८चं ५ केलं होतं तेव्हा चालणाऱ्याच बसमध्ये चढल्या होत्या, माझी आई त्यातली. गर्दी वाढली होती ती कुठून आली असं वाटतं तुम्हाला?

आणि तुमची छोट्या फेऱ्यांची योजना. घर ते स्टेशन बस, मग मेट्रो, मग पलीकडे परत बस. प्रत्येक वेळी वेगळं तिकीट. आज एका बसमध्ये पंधरा रुपयांत जाणारी बाई उद्या दहा अधिक मेट्रो अधिक दहा देईल. मेट्रो ३चं तिकीट १०पासून ७०पर्यंत जातं. मार्ग तुम्ही तोडणार आणि तोडल्याचे पैसे तिने भरायचे.

शिफ्टवाली
+१. याच्यावर बोला.

रूट_वेडा
नेमकं. हा सगळ्या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद आहे. जगात जिथे जिथे बसमार्ग मेट्रोला जोडून तोडले आणि ते चाललं, तिथे आधी भाडं जोडलं. एक प्रवास, एक भाडं, मधे कितीदा का बदला. आपल्याकडे "मुंबई वन" ॲप आलंय, ऑक्टोबर २०२५मध्येच. त्यात बेस्ट, मेट्रो, लोकल सगळ्यांचं तिकीट एका क्यूआरवर निघतं. रांगा वाचतात, चांगलं आहे. पण आत भाड्याची नुसती बेरीज होते.

चर्चगेट_फास्ट
गोवंडी_शिवाजीनगर, उत्तर देतो, कारण प्रश्न रास्त आहे. एकत्र भाडं हवं हे मलाही मान्य. ते झाल्याशिवाय लांबचे मार्ग तोडू नयेत एवढं मी आता माझ्या मुद्द्याला जोडतो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. मेट्रोच्या डोक्यावरून समांतर धावणाऱ्या अर्ध्या रिकाम्या बस मी बघतो आणि त्याच वेळी मढची रांग वाढत असते. गाड्या मोजक्या असतील तर कुठेतरी निवड करावी लागेलच.

गोवंडी_शिवाजीनगर
निवड करा. आधी ती बाई बसते त्या बसला सोडून बाकीच्यांतून करा.

नवी_मुंबईवाला
आमची कोणी दखल घेत नाहीये. अटल सेतूवरून एस-१४५ जाते, बेलापूर कोकण भवन ते वर्ल्ड ट्रेड सेंटर. लांब पल्ल्याचीच आहे आणि तिच्या खाली मेट्रो नाही, खाडी आहे. चर्चगेट_फास्टच्या नियमात ही बसते का?

चर्चगेट_फास्ट
बसते. पर्याय नसेल तर लांब पल्ला चालेल.

लाल_डबा
नियम हळूहळू बसच्या मार्गासारखा वळण घेतोय.

गिरगावकाकू
एक विचारू का? धागा सुरू करणाऱ्याने स्वतःचं उत्तर दिलंच नाही. तुमची कुठली बस सुटत नाही?

मढकर
वा काकू.

शिफ्टवाली
हो, बोला आता.

चर्चगेट_फास्ट
१२३. आर. सी. चर्च ते ताडदेव, मरीन ड्राइव्हवरून. ऑफिसातून निघायला उशीर झाला की चर्चगेटला लोकल पकडायची सोडून मी उलट्या बाजूने ही बस घेतो, ताडदेवला मित्राकडे जातो. मेट्रोने ग्रँट रोडला उतरून चालत गेलो तर लवकर पोचेन हे मला ठाऊक आहे. कारण विचारू नका.

कुर्लेकर
कारण सांगा, उमाळे नकोत! 🤣

लाल_डबा
स्क्रीनशॉट घेतलाय.

पार्लेकर_पंत
सोडा हो त्याला. १२३ला खिडकी मिळाली की भल्याभल्यांचे नियम वाहून जातात. माझी २३१ सांगतो, सांताक्रूझ ते जुहू. रविवारी संध्याकाळी ती भरून वाहते, लहान मुलांच्या चपलांतली वाळू बसभर. मेट्रो जुहूच्या वाळूपर्यंत यायची नाही, आणि येऊही नये.

रूट_वेडा
माझी कुठलीच नाही. मला पगारच यासाठी मिळतो की मी कुठल्याही बसच्या प्रेमात पडू नये. (३३९, पण हे ऑफिसात सांगू नका.)

स्पीडब्रेकर
गंभीरपणे एक विचारतो. बसची वेगळी लेन केली तर मला बाइकवरून जागा उरेल का?

रूट_वेडा
गंभीरपणे उत्तर देतो. सुरुवातीला कमी उरेल. तुमच्या पुढच्या दहा गाडीवाल्यांतले चार बसमध्ये गेले तर जास्त उरेल. ते चार जातील की नाही हे लेन खरंच मोकळी ठेवली जाते का, त्यावर आहे. आपल्याकडे लेन रंगवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यात टेम्पो उभा असतो.

स्पीडब्रेकर
बरं. टेम्पोला आधी हलवा, मग मी हलतो.

गोवंडी_शिवाजीनगर
डबल_बेल काका, एक राहिलं. "पुढे सरका, मागून गाडी रिकामी येतेय" असं तुम्हीही म्हणायचात का? खरंच रिकामी यायची का?

डबल_बेल
पोरी, मागून गाडी येतेय हे खरं असायचं. रिकामी की भरलेली, हे मला तरी कुठे दिसणार?

मढकर
😂😂

पार्लेकर_पंत
काका, नातवाला जुना पंच आणि पत्र्याची पेटी दाखवायची आहे. कुठे बघायला मिळेल?

डबल_बेल
आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. ट्रामच्या प्रतिकृती, जुने पंच, तिकिटं, मीटर, सगळं आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ला आली, विजेची १९०७ला, मोटारबस १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला. तिथे हे सगळं नीट लावून ठेवलंय. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा, म्हणजे हेलपाटा होणार नाही. आणि पंच हातात देत नाहीत, नातवाला आधीच सांगून ठेवा.

पार्लेकर_पंत
आभार. पार्ल्याहून आणिकला सोयीचं काय पडेल?

कुर्लेकर
लोकलने दादर, मग सेंट्रलने कुर्ला. कुर्ल्याला उतरलात की मला कळवा, तिथून पुढचं मी सांगतो. फक्त "एक सीट, एक सीट" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.